विश्लेषण : सहा फूट सात इंचांचा खर्ज! मार्ती ताल्वेला यांच्यामुळे फिनलंड ऑपेराच्या नकाशावर कसा आला?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ७ ऑक्टोबर १९६८ रोजी व्हर्दीच्या ‘डॉन कार्लो’चा प्रयोग होता. त्यातील ग्रँड इन्क्विझिटर, म्हणजे मुख्य धर्मन्यायाधीश, हा नव्वदीचा अंध म्हातारा. भूमिका लहान आहे. पण तो रंगमंचावर आला की स्पेनच्या राजालाही मान तुकवावी लागते. त्या रात्री ही भूमिका करत मेटमध्ये पदार्पण करणारा गायक होता अवघा ३३ वर्षांचा. उंची सहा फूट सात इंच, मायदेश फिनलंड आणि काही वर्षांपूर्वीपर्यंतचा पेशा प्राथमिक शिक्षकाचा. मार्ती ताल्वेला हे त्यांचे नाव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या बास गायकांत त्यांची गणना होते. मात्र कारकीर्द ऐन भरात असताना त्यांनी आपल्या उन्हाळ्यातील वेळ देशातील एका दगडी किल्ल्यासाठी द्यायचे ठरवले. फिनलंडमधील आजच्या ऑपेराची गोष्ट त्या निर्णयाशिवाय पुरी होत नाही.

बास म्हणजे नेमका कोणता आवाज?

पाश्चात्त्य ऑपेरात पुरुषांचे आवाज ढोबळमानाने तीन प्रकारांत मोडतात. सर्वांत उंच टेनर, मधला बॅरिटोन आणि सर्वांत खालचा बास. आपल्याकडे ज्याला खर्जातला आवाज म्हणतात, तो हाच. संगीतकारांनी या आवाजांना भूमिकाही वाटून दिल्या आहेत. प्रेम करायचे टेनरने, कारस्थाने बहुधा बॅरिटोनची. बासच्या वाट्याला येतात राजे, पुरोहित, म्हातारे बाप, राक्षस आणि मधूनमधून सैतान.

किती खाली जायचे, याचा अंदाज मोत्झार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’वरून येतो. त्यातील सारास्त्रो या धर्मगुरूला जो खालचा ‘एफ’ स्वर लावावा लागतो, त्याची कंप्रता सुमारे ८७ हर्ट्झ आहे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या आपल्याकडच्या गायकाच्या हिशेबात तो मंद्र सप्तकातला शुद्ध गंधार होतो. रियाजात तिथपर्यंत पोहोचणारे बरेच असतात. ऑपेरात अडचण वेगळी आहे. हा स्वर समोर वाजणाऱ्या वाद्यवृंदाच्या पलीकडे, शेवटच्या रांगेपर्यंत, मायक्रोफोनशिवाय पोहोचवायचा असतो. आपल्याकडेही संगीत नाटकांच्या सुरुवातीच्या काळात ध्वनिवर्धक नव्हते. पण तिथे साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला असे. वाग्नरच्या ऑपेरात नव्वद-शंभर वादक असतात आणि मेटसारख्या नाट्यगृहात प्रेक्षक साडेतीन हजारांच्या वर.

मग आवाज पोहोचतो कसा? निव्वळ जोर लावून नाही. स्वीडनमधील ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात याची उकल केली. वाद्यवृंदाची सर्वाधिक ऊर्जा साधारण ४५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि त्यावरच्या पट्ट्यात ती झपाट्याने उतरते. प्रशिक्षित पुरुष गायक स्वरयंत्र थोडे खाली ठेवून घशातील पोकळीचा आकार असा साधतो, की त्याच्या आवाजातील उपस्वर साधारण २,४०० ते ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात एकदम बळकट होतात. याला ‘सिंगर्स फॉर्मंट’ म्हणतात. वाद्यवृंद जिथे दुबळा, नेमकी तिथे गायकाची ताकद. रेडिओच्या भाषेत सांगायचे, तर गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर भांडत बसण्याऐवजी गायक मोकळा चॅनेल धरतो. मूळ स्वर ८७ हर्ट्झचा असला, तरी कानाला तो सापडतो त्याच्या वरच्या उपस्वरांमुळे. धिप्पाड देह असला की आवाज मोठा, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. ताल्वेला यांच्या उंचीची चर्चा आयुष्यभर झाली. ती कामी आली ती मुख्यत: राजे आणि राक्षस उभे करताना, आवाजामागे शिक्षण होते.

शिक्षक ते बायरॉइट : प्रवास कसा झाला?

ताल्वेला यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९३५ रोजी कारेलिया प्रांतातील हीतोला येथे झाला. हे गाव आज रशियात आहे. दुसऱ्या महायुद्धात, आधी १९४० मध्ये आणि मग पुन्हा १९४४ मध्ये, फिनलंडला कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला आणि चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. ताल्वेला या विस्थापितांच्या पिढीतले. शिक्षकी पेशात असतानाच त्यांनी लाहती शहरात गाण्याचे शिक्षण घेतले आणि पुढे स्टॉकहोममध्ये कार्ल मार्टिन ओहमान यांच्याकडे ते शिकले. ओहमान स्वत: टेनर होते आणि निकोलाय गेड्डा हा जगप्रसिद्ध टेनरही त्यांचाच शिष्य. हा धागा पुढे पुन्हा येईल.

१९६१ मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात व्हर्दीच्या ‘रिगोलेट्टो’तील भाडोत्री मारेकरी स्पाराफुचिले ही भूमिका त्यांनी केली. त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. संगीतकार वाग्नरचा नातू आणि बायरॉइट महोत्सवाचा दिग्दर्शक वीलांट वाग्नर याने त्यांना बोलावले आणि १९६२ मध्ये ‘पार्सिफाल’मधील टिटुरेल या भूमिकेतून ते बायरॉइटला उभे राहिले. त्याच वर्षी बर्लिनच्या डॉइच ऑपेराशीही ते जोडले गेले. १९६६ मध्ये ‘ट्रिस्टान अँड इझोल्ड’मधील राजा मार्के, त्यानंतर हर्बर्ट फॉन कारायान यांच्या साल्झबुर्गमधील ‘रिंग’मध्ये हुंडिंग आणि राक्षस फासोल्ट, आणि मग न्यूयॉर्क.

लहान देशातून आलेल्या गायकासाठी ही वाट एका अर्थाने ठरलेली होती. फिनलंडमध्ये तेव्हा पूर्णवेळ ऑपेरा म्हणावा असा एकच आणि तोही हेलसिंकीतील अलेक्झांडर थिएटर या छोट्या नाट्यगृहात चालणारा. ही इमारत एकोणिसाव्या शतकात रशियन लष्करी छावणीच्या करमणुकीसाठी बांधलेली. तिथे वाग्नरचा वाद्यवृंद बसवणेच अवघड. उलट जर्मनीत शहरागणिक ऑपेरागृह, सरकारी अनुदान आणि गायकांना पगारी करार. त्यामुळे स्टॉकहोम, मग जर्मनी, मग जग. या वाटेने गेलेले बहुतेक जण तिकडचेच होतात, यात नवल नाही.

‘बोरिस’ इतका महत्त्वाचा का?

प्रत्येक मोठ्या गायकाची एक भूमिका असते, जिच्याशी त्याचे नाव कायमचे जोडले जाते. ताल्वेला यांच्यासाठी ती मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’मधील झार बोरिसची. बालराजपुत्राच्या खुनाचा संशय असलेला हा राजा सिंहासनावर बसतो, पण अपराधाची टोचणी त्याला आतून पोखरत जाते. भूमिकेची लांबी पाहिली तर फार नाही. राज्याभिषेक, क्रेमलिनमधील भ्रमाचा प्रवेश आणि मृत्यू, एवढेच मोठे प्रसंग. पण संपूर्ण ऑपेराचा भार त्यांवर असतो. रशियन बास फ्योदोर शाल्यापिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही भूमिका अशी काही गाजवली, की नंतर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या सावलीत उभे राहावे लागले. हुंदके, किंचाळ्या, जमिनीवर कोसळणे हे सारे त्या परंपरेचा भाग झाले होते.

डिसेंबर १९७४ मध्ये मेटने ‘बोरिस’ची नवी निर्मिती केली. दिग्दर्शक ऑगस्ट एव्हरडिंग, नेपथ्य मिंग चो ली यांचे, संगीत संचालन टॉमस शिपर्स यांचे आणि शीर्षक भूमिकेत ताल्वेला. ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा १०० वर्षे पूर्ण होत होती. या निर्मितीचे महत्त्व तांत्रिकही आहे. मुसोर्गस्कीच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र रिम्स्की-कोर्साकोव्ह याने या ऑपेराची वाद्ययोजना नव्याने लिहिली होती. मूळ संगीत ओबडधोबड आहे, असे त्याचे मत होते आणि कित्येक दशके जगाने ‘बोरिस’ ऐकला तो याच झळाळत्या, घासूनपुसून लख्ख केलेल्या रूपात. मेटने १९७४ मध्ये मुसोर्गस्कीच्या स्वत:च्या वाद्ययोजनेकडे मोर्चा वळवला आणि प्रयोग रशियन भाषेत केला. मूळ वाद्ययोजना कोरडी आणि गडद आहे. तिच्यात गायकाला लपायला जागा नाही. अशा संगीतात ताल्वेला यांचा शांत, आतल्या आत कोसळत जाणारा बोरिस चपखल बसला.

दोन वर्षांनी पोलंडमधील कातोवित्से येथे येर्झी सेमकोव्ह यांच्या संचालनाखाली याच मूळ वाद्ययोजनेचे ध्वनिमुद्रण झाले. बोरिस अर्थातच ताल्वेला. आणि त्याच्या सिंहासनावर दावा सांगणारा तोतया राजपुत्र? निकोलाय गेड्डा. स्टॉकहोममधील एकाच गुरूचे दोन शिष्य रशियन सिंहासनासाठी भांडत आहेत आणि त्यातल्या झाराचे जन्मगाव तेव्हा सोव्हिएत हद्दीत आहे! इतिहास कधी कधी पटकथालेखकांपेक्षा धीट असतो.

किल्ल्यातला ऑपेरा : सावोनलिन्नात काय घडले?

हेलसिंकीपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, पूर्व फिनलंडच्या सरोवरांच्या जाळ्यात सावोनलिन्ना हे छोटे शहर आहे. तिथल्या एका खडकाळ बेटावर ओलाविनलिन्ना हा किल्ला उभा आहे. त्याच्या बांधकामाला १४७५ मध्ये सुरुवात झाली. या किल्ल्यात ऑपेरा करण्याची कल्पना ताल्वेला यांची नाही. ती आयनो आक्ते या फिनिश सोप्रानोची. पॅरिस, न्यूयॉर्क, लंडन गाजवून आलेल्या या गायिकेने १९१२ मध्ये इथे पहिला महोत्सव भरवला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता; त्यामुळे फिनिश कलाकारांनी किल्ल्यात ऑपेरा करणे ही निव्वळ सांस्कृतिक घटना नव्हती. पण १९१६ नंतर महोत्सव थांबला, १९३० मध्ये एकदा डोके वर काढून पुन्हा थंडावला आणि नियमित सुरू व्हायला १९६७ उजाडले.

१९७२ मध्ये ताल्वेला यांनी या महोत्सवाचे कलात्मक संचालकपद स्वीकारले. ते तेव्हा ३७ वर्षांचे होते. बास गायकाच्या दृष्टीने हे ऐन उमेदीचे वय, कारण हा आवाज इतरांपेक्षा उशिरा पिकतो. शिवाय महोत्सव जुलैतला. युरोपातील मोठी ऑपेरागृहे तेव्हा बंद असतात हे खरे, पण बायरॉइट आणि साल्झबुर्ग हे बडे महोत्सव नेमके त्याच सुमारास असतात. ज्या गायकाला तिकडे मागणी आहे, त्याने सरोवरातल्या किल्ल्यासाठी वेळ काढायचा, तालमी लावायच्या, पैशांचे हिशेब पाहायचे, हा सौदा व्यवहारी माणसाला आतबट्ट्याचा वाटेल.

जागाही सोयीची नव्हती. किल्ल्याच्या अंगणात रंगमंच बसतो तो रुंद, पण खोली फार कमी. वरून पडदे सोडायला जागा नाही. मागे शतकानुशतकांची दगडी भिंत, तीच नेपथ्य. डोक्यावर तात्पुरते छत आणि त्याखाली आज सुमारे २,२०० प्रेक्षक बसतात. इथे भव्य सजावट चालत नाही. गायकांची जागा, प्रकाश आणि समूहगान यांवरच प्रयोग उभा करावा लागतो. दगडी भिंतींमुळे समूहगान मात्र असे घुमते, की बांधीव नाट्यगृहांनी हेवा करावा.

ताल्वेला यांनी आपली जगभरातली ओळख इथे खर्ची घातली, असे म्हणता येईल. १९७३ मध्ये एव्हरडिंग यांनी किल्ल्यात ‘द मॅजिक फ्लूट’ बसवला. वर्षभरानंतर मेटमध्ये ‘बोरिस’ करणारे तेच हे एव्हरडिंग. हा प्रयोग एवढा लोकप्रिय झाला, की पुढे वर्षानुवर्षे तो महोत्सवाची ओळख बनून राहिला. परदेशी पाहुण्यांना आणणारा प्रयोग हाती लागला; आता देशी संगीतकारांसाठी जोखीम घेणे शक्य होते.

ती जोखीम १९७५ मध्ये घेतली गेली. किल्ल्याच्या पंचशताब्दीनिमित्त आउलिस साल्लिनेन यांचा ‘रात्सुमिएस’, म्हणजे ‘घोडेस्वार’, हा नवा कोरा फिनिश ऑपेरा १७ जुलै रोजी तिथे सादर झाला. संहिता कवी पावो हाविक्को यांची आणि मुख्य भूमिकेत ३० वर्षांचा दुसरा फिनिश बास, माट्टी साल्मिनेन. दोन महिन्यांच्या आत, २ सप्टेंबरला, हेलसिंकीत योनास कोक्कोनेन यांचा ‘द लास्ट टेम्प्टेशन्स’ रंगमंचावर आला. एकोणिसाव्या शतकातील शेतकरी-धर्मोपदेशक पावो रुओत्सालाइनेन याला मृत्युशय्येवर आपले सारे आयुष्य दिसते, अशी त्याची मांडणी. पावोच्या भूमिकेत होते ताल्वेला. एकाच वर्षी दोन नवे फिनिश ऑपेरा आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी बास आवाज! फिनिश भाषेतील नव्या ऑपेरांची लाट म्हणतात, तिची सुरुवात इथून धरली जाते.

टीका झाली नाही असे नाही. ग्रामीण, धार्मिक, जुन्या काळातली माणसे सतत रंगमंचावर पाहून काही आधुनिकतावाद्यांनी या लाटेला ‘केसाळ टोपीवाला ऑपेरा’ असे टोपणनाव दिले. टोमणा बोचरा होता आणि पूर्ण चुकीचाही नव्हता. पण प्रेक्षक आले. जिथे नवा ऑपेरा म्हणजे दोन-तीन प्रयोग आणि मग कपाट, असा जगभरचा रिवाज होता, तिथे हे ऑपेरा पुन:पुन्हा होऊ लागले. १९८३ मध्ये फिनिश नॅशनल ऑपेरा ‘द लास्ट टेम्प्टेशन्स’ आणि साल्लिनेन यांचा ‘द रेड लाइन’ घेऊन थेट मेटमध्ये गेला. १९६८ मध्ये ताल्वेला त्या मंचावर एकटे, इटालियन ऑपेरातल्या स्पॅनिश धर्मगुरूच्या वेशात उभे राहिले होते. पंधरा वर्षांनी ते तिथे फिनिश शेतकरी म्हणून, फिनिश भाषेत गायले.

इतके बास गायक फिनलंडमधूनच का?

फिनलंडची लोकसंख्या आज जेमतेम ५६ लाख आहे. २०११च्या जनगणनेतील मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. तरी तिथून किम बोर्ग आले, ताल्वेला आले, साल्मिनेन आले, याक्को रूहेनेन आले आणि आताच्या पिढीत मिका कारेस आहेत. यातील बोर्ग ताल्वेलांच्या आधीचे. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन गाण्याकडे वळलेले आणि १९५९ मध्येच मेटला पोहोचलेले. थंड हवा, आहार, फिनिश भाषेतील लांब स्वर अशी अनेक कारणे गप्पांमध्ये दिली जातात. हवामानच कारण असते, तर आक्ते यांच्यासारखी सोप्रानो तिथे झालीच नसती.

अधिक पटणारे उत्तर रुक्ष आहे. चर्चमधील आणि विद्यापीठांतील पुरुष समूहगानाची जुनी परंपरा, हेलसिंकीतील सिबेलियस अकादमी आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या संगीतशाळांना मिळू लागलेले सरकारी अनुदान. आवाज निसर्ग देतो. तो हेरून शिकवणारी यंत्रणा माणसांना उभारावी लागते. त्यात समोर एक उदाहरण असले, की मुलांना आणि पालकांना हा पेशा वाटू लागतो. साल्मिनेन यांना बायरॉइट, झुरिक आणि मेटची दारे उघडली, तेव्हा फिनिश बास म्हणजे काय, हे तिथल्या निर्मात्यांना नव्याने समजावून सांगावे लागले नाही.

राहिलेले काम कोणते?

१९७९ पर्यंत ताल्वेला सावोनलिन्नाच्या संचालकपदी होते. त्यानंतरही गाणे सुरूच राहिले. १९८५ मध्ये मेटच्या ‘खोवानश्चिना’मध्ये त्यांनी दोसिफेई साकारला. दौरे नसत तेव्हा पूर्व फिनलंडमधील यूवा येथे स्वत:च्या शेतीवाडीत ते रमत. दरम्यान हेलसिंकीत अलेक्झांडर थिएटरची जागा घेणारे नवे, मोठे ऑपेरागृह उभे राहत होते आणि १९९२ पासून फिनिश नॅशनल ऑपेराची धुरा ताल्वेला यांच्याकडे देण्याचे ठरले होते. किल्ल्यात जे केले ते आता राजधानीत, बारमाही, स्वत:च्या छपराखाली करायचे होते.

२२ जुलै १९८९ रोजी यूवा येथे मुलीच्या लग्नात नाचत असताना ते कोसळले. वय ५४. बास गायकासाठी हे वय कारकिर्दीच्या मध्यावरचे म्हणावे लागेल.

नवे ऑपेरागृह लांबत गेले. त्याच्या उद्घाटनासाठी साल्लिनेन यांनी लिहिलेला ‘कुल्लेर्वो’ तोवर तयार होऊन बसला होता. अखेर फेब्रुवारी १९९२ मध्ये त्याचा पहिला प्रयोग लॉस एंजेलिसमध्ये झाला. फिनिश भाषेतला, फिनिश महाकाव्यातील कथेवरचा ऑपेरा, पहिल्यांदा कॅलिफोर्नियात! वीस वर्षांपूर्वी ही कल्पनाही कुणी केली नसती. हेलसिंकीतील ऑपेरागृहाचे दार ३० नोव्हेंबर १९९३ रोजी उघडले.

ऐकायची सुरुवात कुठून करावी?

गेऑर्ग शोल्टी यांच्या १९६५च्या ‘डॉन कार्लो’मधील राजा फिलिप आणि इन्क्विझिटर यांचा प्रवेश सर्वांत आधी. राजा बल्गेरियाचे निकोलाय गियाउरोव्ह, इन्क्विझिटर ताल्वेला. दोन बास समोरासमोर, आणि कोण कुणाला घाबरते हे शब्द न कळताही कळते. त्यानंतर शोल्टी यांच्याच १९६९च्या ‘मॅजिक फ्लूट’मधील सारास्त्रोची दोन गाणी. पाव्हारोत्तींचे चाहते असाल, तर १९७१चा ‘रिगोलेट्टो’ कदाचित तुमच्याकडे असेलही. त्यातील मारेकरी स्पाराफुचिले ताल्वेलाच आहेत. सेमकोव्ह यांचा ‘बोरिस’ मात्र शेवटी ठेवावा आणि मृत्यूचा प्रवेश हेडफोन लावून ऐकावा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला ८७ हर्ट्झ झेपत नाहीत.